दूरची शाळा आणि जवळचा माणूस

घरातील मूल आठवी-नववीत गेले म्हणजे आईबापांच्या मनाला एक नवा घोर लागतो. तोवर मूल शाळेत जाते आणि येते, एवढे समाधान पुरेसे असते. पुढे गणित अवघड होते, विज्ञानाच्या पुस्तकातील शब्द घरात कोणाला उलगडत नाहीत, इंग्रजीचा धडा वाचून दाखवील असे माणूस वाड्यातही सापडत नाही, आणि मग मूल म्हणते, "मोबाइलवर सगळे मिळते, मला मोबाइल घेऊन द्या." या मागणीस काय उत्तर द्यावे, हा प्रश्न हल्ली खेड्यापाड्यांतील घराघरांत उभा आहे. काही आईबाप हप्त्याने मोबाइल घेऊन देतात आणि आपले कर्तव्य संपले असे समजतात. काही आईबाप मोबाइल म्हणजे सर्व बिघाडाचे मूळ मानून त्यास हात लावू देत नाहीत. आमच्या मते या दोन्ही वाटा घाईच्या आहेत. ऑनलाइन शिक्षणाकडून काय मिळते, काय मिळत नाही, आणि ते नीट चालावे म्हणून घराला आपल्या पदरचे काय घालावे लागते, याचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे. तो आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

शिक्षक एका गावी आणि विद्यार्थी दुसऱ्या गावी, ही गोष्ट वाटते तितकी नवी नाही. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी ॲलिस स्प्रिंग्ज नावाचे गाव आहे. त्याच्या भोवतालचा मुलूख उजाड. गुरे पाळणाऱ्यांची घरे एकमेकांपासून कित्येक मैलांवर. तेथे प्रत्येक मुलासाठी शाळा काढणे शक्यच नव्हते. परंतु त्या घरांतून रेडिओयंत्रे मात्र होती. आल्फ्रेड ट्रेगर नावाच्या हुन्नरी माणसाने १९२९ च्या सुमारास असे यंत्र बनविले होते की सायकलीसारखे पायडल मारून त्यास लागणारी वीज जागच्या जागी तयार व्हावी. आजारी माणसासाठी विमानाने डॉक्टर बोलावता यावा, हा त्या यंत्राचा मूळ हेतू. ॲडलेड मीथकी या शिक्षणतज्ज्ञ बाईंच्या मनात आले की ज्या तारेवाचूनच्या वाटेने डॉक्टरास हाक मारता येते, त्याच वाटेने शिक्षकाचा आवाज मुलांपर्यंत का जाऊ नये? त्या विचारातून ८ जून १९५१ रोजी तेथे 'स्कूल ऑफ द एअर', म्हणजे हवेतून भरणारी शाळा, रीतसर सुरू झाली. लेखी धडे टपालाने यावयाचे, आणि ठरल्या वेळी मुलांनी यंत्रासमोर बसून शिक्षिकेशी बोलावयाचे, अशी तिची पद्धत होती. पुढे रेडिओची जागा उपग्रह व इंटरनेट यांनी घेतली. शाळा मात्र अजून चालू आहे.

या शाळेची एक गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. तेथे प्रत्येक घरात मुलाजवळ बसणारे एक माणूस ठरलेले असते. पुष्कळदा ती आईच असते. कोठे त्यासाठी पगारी माणूस ठेवलेले असते. शिकविण्याचे काम दूरच्या शिक्षकाचे. परंतु मूल वेळेवर बसले की नाही, वही उघडली की नाही, धडा पुरा झाला की नाही, हे पाहण्याचे काम या जवळच्या माणसाचे. सत्तर वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या शाळेला हे माणूस कधी वगळता आलेले नाही. पुढील सारे विवेचन वाचताना वाचकांनी ही गोष्ट मनाशी धरावी.

आपल्या देशातही असे प्रयत्न झाले आहेत. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष अमेरिकेचा एक उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्यात आले. त्यांत कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा व रायचूर हे जिल्हे होते. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी, अशी कार्यक्रमांची वाटणी होती. पुढे २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी म्हणून 'एज्युसॅट' हा आपला स्वतःचा उपग्रह श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. त्याच्या पहिल्या प्रयोगांपैकी एक बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठासाठी होता, ही गोष्ट आमच्या सीमाभागातील वाचकांस ठाऊक असेल. तात्पर्य, दूरची शाळा आपल्या दारी येण्यास मोबाइलच निमित्त झाला असे नाही. मोबाइलने ती फक्त खिशात आणून ठेवली.

टाळेबंदीने काय शिकविले

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि २५ मार्चपासून सारा देश घरात बसला. तोवर ऑनलाइन शिक्षण ही हौसेची अथवा शहरातील सुखवस्तू घरांची बाब होती. ती एकाएकी सर्वांच्या गळ्यात पडली. त्या काळात सह्याद्रीच्या दोन्ही अंगांची किती मुले रेंज मिळावी म्हणून डोंगरावर, माळावर अथवा रस्त्याच्या वळणावर जाऊन बसली, हे गोव्याच्या व कोकणच्या वाचकांस सांगणे नको. पावसाळ्यात वीज गेली की टॉवरही जावयाचा. एक मोबाइल, तोही बापासोबत कामावर, आणि घरात शिकणारी मुले तीन. अशा घरांत कोणाचा वर्ग बुडवावयाचा हे रोज नव्याने ठरवावे लागे.

त्या काळाचे मोजमाप 'असर' या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रामीण पाहणीत मिळते. स्मार्टफोन असलेल्या घरांतील मुलांचे प्रमाण २०१८ साली शेकडा ३६.५ होते, ते २०२१ साली ६७.६ झाले. तीन वर्षांत जवळजवळ दुप्पट. मुलांचे शिक्षण बुडू नये म्हणून गरीब घरांनी केवढी पदरमोड केली असेल, याची कल्पना या आकड्यावरून येते. परंतु त्याच पाहणीत दुसरे एक वाक्य आहे, ते अधिक विचार करावयास लावणारे आहे. ज्या घरांत स्मार्टफोन होता, त्यांतीलही शेकडा २६ मुलांच्या हाती तो अभ्यासासाठी येतच नव्हता. घरात वस्तू असणे आणि ती मुलाच्या उपयोगी पडणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

कर्नाटक सरकारने २०२० च्या ऑगस्टात 'विद्यागम' नावाची योजना काढली. मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शिक्षकांनीच वस्तीवर जावे, देवळाच्या ओसरीवर, झाडाखाली, अंगणात थोडी थोडी मुले जमवून शिकवावे, अशी ती कल्पना होती. साथ वाढल्यामुळे ऑक्टोबरात ती थांबवावी लागली आणि पुढे बदल करून पुन्हा सुरू झाली. तिचे यश-अपयश काहीही असो; जेथे रेंज पोहोचली नाही तेथे शेवटी माणसालाच चालत जावे लागले, हे तिने दाखवून दिले.

साथ सरली, शाळा पूर्ववत भरू लागल्या. मग आता ऑनलाइन शिक्षणाचे काय प्रयोजन, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की खरे प्रयोजन आताच आहे. तेव्हा ते शाळेच्या ऐवजी आले होते आणि म्हणून तोकडे पडले. आता ते शाळेच्या जोडीला येऊ शकते. गावच्या शाळेत गणिताचे शिक्षक सहा महिने नाहीत, मूल आजारपणाने महिनाभर घरी राहिले, काजूच्या हंगामात अथवा भातकापणीत आठ-पंधरा दिवस बुडाले, एखादा धडा वर्गात डोक्यावरून गेला. अशा वेळी त्याच्यासारखा सोबती नाही. वर्गातील शिक्षक एकदा सांगतात. येथे तेच दहा वेळा ऐकता येते, आणि "पुन्हा सांगा" म्हणण्याची लाज वाटत नाही.

फुकट काय मिळते

पुष्कळ आईबापांची समजूत अशी असते की चांगले ते विकतच घ्यावे लागते. माध्यमिक शाळेच्या अभ्यासाबाबत ही समजूत खरी नाही. महाराष्ट्राच्या बालभारतीची आणि दिल्लीच्या एनसीईआरटीची पाठ्यपुस्तके त्यांच्या संकेतस्थळांवरून पैसे न देता उतरवून घेता येतात. केंद्र सरकारचे 'दीक्षा' हे व्यासपीठ २०१७ पासून चालू आहे. पाठ्यपुस्तकात धड्याजवळ जो काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन छापलेला असतो, तो या व्यासपीठाचा दरवाजा होय. मोबाइलच्या कॅमेऱ्याने तो वाचला की त्या धड्याचे व्हिडिओ व सरावाचे प्रश्न समोर येतात. मराठीतील साहित्यही त्यात पुष्कळ आहे. हा चौकोन शोभेसाठी छापला आहे, असे समजणारी मुले आम्ही पाहिली आहेत. घरातील थोरांनी एकदा जवळ बसून तो उघडून पाहावा.

ज्या घरी मोबाइलवर पैसे घालणे जड जाते, तेथे दूरचित्रवाणीचा विचार करावा. २०२० च्या मे महिन्यात 'पीएम ई-विद्या' ही योजना जाहीर झाली. तिच्यात पहिलीपासून बारावीपर्यंत प्रत्येक इयत्तेस एक याप्रमाणे १२ वाहिन्या ठेवण्यात आल्या, आणि २०२२ च्या अर्थसंकल्पात त्या २०० पर्यंत वाढविण्याचे ठरले, ते प्रादेशिक भाषांची सोय व्हावी म्हणून. छपरावर एकदा फ्री डिशची छत्री बसविली की या वाहिन्यांना महिन्याचे भाडे नाही आणि रेंजचीही गरज नाही. संध्याकाळी मालिकेसाठी लागणारा टीव्ही तासभर दहावीच्या मुलीसाठी लागला, तर घराचे काय बिघडणार आहे?

खर्चाचा हिशेब जाणणेही इष्ट. साधारण स्पष्ट चित्राचा व्हिडिओ तासाभरात अर्ध्या जीबीच्या आसपास डेटा खातो. तोच धडा केवळ आवाजाच्या रूपात ऐकला, तर तासाला ३० एमबीच्या जवळपास, म्हणजे सोळाव्या-सतराव्या हिश्शात, भागते. इतिहास, भाषा, भूगोल यांचे पुष्कळसे धडे ऐकूनही समजतात. भूमिती व विज्ञान यांना चित्र लागते. शिवाय जेथे रेंज चांगली आहे तेथे, म्हणजे बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी, व्हिडिओ उतरवून घ्यावा आणि घरी येऊन पाहावा. ही युक्ती ज्या मुलांस समजली, त्यांस डोंगर चढण्याचे कारण उरत नाही.

एका मातेचा प्रश्न

खानापूरकडील एका भगिनीने आम्हांस विचारले आहे: "माझी मुलगी दहावीला गणितात आणि विज्ञानात नापास झाली. बाकीचे विषय सुटले. आता घरी बसली आहे. तिच्या धाकट्या भावाला मोबाइल घेऊन दिला आहे, कारण त्याचे पुढे शिक्षण व्हायचे आहे. मुलगी म्हणते मी घरी बसून ऑनलाइन शिकते. तिच्या बाबांना वाटते हा नुसता बहाणा आहे. आम्ही काय करावे?"

या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. त्या मुलीने प्रथम आपल्याच शाळेत जाऊन मुख्याध्यापकांस भेटावे. कर्नाटकात २०२४ पासून दहावीस एकाच वर्षात पुन्हा परीक्षेला बसण्याची अधिक संधी ठेवण्यात आली आहे. सुटलेले विषय सोडून राहिलेल्या विषयांसाठीच बसावयाचे असते. जवळचा मार्ग असताना लांबचा धरू नये.

तो मार्ग काही कारणाने बंद झाला असेल, तर 'राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था', जिला इंग्रजी आद्याक्षरांवरून एनआयओएस म्हणतात, तिचे दार उघडे आहे. १९७९ साली एक प्रकल्प म्हणून हिचा आरंभ झाला, १९८९ साली ती स्वतंत्र संस्था झाली. ही केंद्र सरकारची आहे आणि तिची दहावी इतर मंडळांच्या दहावीच्या बरोबरीची मानली जाते. चौदा वर्षे पुरी झालेल्या कोणासही दहावीसाठी नाव घालता येते. वरची वयोमर्यादा नाही. पाच विषयांत उत्तीर्ण व्हावे लागते, त्यांत निदान एक भाषा हवी. मान्य मंडळाच्या परीक्षेत पूर्वी सुटलेले दोन विषय इकडे जमेस धरून घेता येतात. एकदा नाव घातले की पाच वर्षांच्या मुदतीत नऊ संधी मिळतात. सगळे विषय एकदम द्यावे लागत नाहीत, एकेक करून सोडविता येतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे व ऑक्टोबर-नोव्हेंबर या सुमारास, होतात. घरी लिहून पाठवावयाच्या स्वाध्यायांना शेकडा २० गुण असतात. माध्यमांत मराठीही आहे. मात्र आपल्याला हव्या त्या विषयाचे पुस्तक मराठीत आहे की नाही, हे अर्ज भरण्यापूर्वी पाहून घ्यावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या संस्थेत गणित सक्तीचे नाही. गणिताच्या भयाने शाळा सोडलेल्या मुलींस हे वाचून हायसे वाटेल, आणि ते योग्यच आहे. परंतु गणित सोडले की पुढे विज्ञानशाखा, पदविका अभियांत्रिकी व असे काही दरवाजे आपोआप बंद होतात. तेव्हा पुढे काय करावयाचे ते आधी ठरवावे आणि मगच विषय निवडावेत. परिचारिका व्हावयाचे, शिक्षिका व्हावयाचे, शिवणकामाचा अथवा संगणकाचा अभ्यासक्रम घ्यावयाचा, ज्याला जे लागते ते विचारून घ्यावे. आणि अर्ज संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरावा. "पास करून देतो, परीक्षेला बसायचीही गरज नाही" असे सांगणारा मनुष्य कितीही ओळखीचा असला, तरी त्याला उंबरठ्याबाहेरच ठेवावे. खोट्या प्रमाणपत्राने मुलीचे एक वर्ष वाचत नाही. पुढची सारी वर्षे धोक्यात येतात.

आता दुसरा प्रश्न. तो या भगिनीने विचारलेला नाही, परंतु तिच्या पत्रात तो आहे. भावाला मोबाइल मिळाला, बहिणीला नाही. ज्याचे शिक्षण सुरळीत चालू आहे त्याच्या हाती साधन, आणि जिला त्याची निकड आहे ती रिकाम्या हाती. हे एकाच घरात घडते असे नव्हे. २०२३ च्या 'असर' पाहणीत १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींस विचारले असता, जवळजवळ नऊ दशांश घरांत स्मार्टफोन आढळला. परंतु तो वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा मोबाइल असलेले मुलगे शेकडा ४३.७ निघाले, आणि मुली केवळ १९.८. मुलींस मोबाइल देण्यास आईबाप का कचरतात, हे आम्ही जाणतो. त्या भीतीत काहीच तथ्य नाही असेही आम्ही म्हणत नाही. परंतु मग तीच काळजी मुलग्याच्या बाबतीत का नसावी? काळजी घ्यावयाची तर दोघांची सारखी घ्यावी, आणि साधन द्यावयाचे तर दोघांस मिळून एक द्यावे. तो मोबाइल भावाचाही नव्हे आणि बहिणीचाही नव्हे, घराचा आहे. संध्याकाळी सात ते आठ तिचा, आठ ते नऊ त्याचा, आणि नंतर तो आईच्या उशाशी. असे ठरले तर त्या घरात भांडण होणार नाही आणि बहाणाही चालणार नाही.

घड्याळ, जागा आणि वही

मुलगी खरोखर शिकते की बहाणा करते, हे ओळखण्याचा एक साधा उपाय आहे: तिची वही पाहावी. ज्या तासाच्या शेवटी वहीत काही उतरले नाही, तो तास अभ्यासाचा नव्हे. आईस अक्षरओळख नसली तरी पान कोरे आहे की भरलेले, एवढे तिला निश्चित दिसते.

२०२४ च्या 'असर' पाहणीत १४ ते १६ वयाच्या ज्या मुलांस स्मार्टफोन वापरता येत होता, त्यांपैकी शेकडा ५७ मुलांनी मागील आठवड्यात त्याचा अभ्यासासाठी काही उपयोग केला होता. परंतु समाजमाध्यमांसाठी उपयोग करणारी मुले शेकडा ७६ होती. यात मुलांचाच सारा दोष आहे असे नाही. अभ्यासाचा धडा आणि करमणूक एकाच काचेवर, बोटाच्या अंतरावर असतात, आणि मोठ्यांनाही तेथे संयम राहत नाही. म्हणून अभ्यासाचे घड्याळ ठरलेले असावे, बसण्याची जागा घरातील चार माणसांच्या नजरेसमोर असावी, आणि त्या तासात इतर सूचनांचे आवाज बंद असावेत. रात्री मोबाइल अंथरुणात नेऊ नये. हा नियम बापानेही पाळला तरच मूल पाळील.

व्हिडिओ किती वेळ पाहावा? २०१४ साली ऑनलाइन अभ्यासक्रमांतील लक्षावधी वेळा पाहिलेल्या व्हिडिओंची तपासणी करून संशोधकांनी असे दाखविले की धडा कितीही लांब असला, तरी पाहणाऱ्याचे लक्ष साधारणपणे सहा मिनिटांच्या पलीकडे टिकत नाही. तेव्हा तासभर एकटक पाहण्यापेक्षा पाच-सात मिनिटे पाहावे, थांबवावे, आणि काय समजले ते स्वतःच्या शब्दांत लिहावे.

याहून मोलाची दुसरी गोष्ट आहे. २००६ साली रोडिगर व कारपिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. एका आठवड्याने विचारले तेव्हा मात्र आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. आपले जुने पंतोजी पाढे पुस्तक मिटून म्हणवून घेत, त्यामागे हेच शहाणपण होते. व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला की सर्व समजल्यासारखे वाटते, आणि परीक्षेत कागद कोरा राहतो. म्हणून धडा संपला की मोबाइल पालथा ठेवावा आणि मुलाने आईला, आजीला, नाही तर धाकट्या भावंडाला तो सांगावा. ऐकणाऱ्यास विषय कळला नाही तरी हरकत नाही. सांगताना कोठे अडखळले, ते मुलाचे मुलाला कळते. अडले तेथे खूण करावी आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकांस विचारावे.

पैशाविषयी सावधगिरी

आता एक कटु गोष्ट. घरी येऊन गोड बोलणारा प्रतिनिधी मुलाची एक छोटी चाचणी घेतो, "तुमचे मूल हुशार आहे, पण मागे पडते आहे" असे सांगतो, आणि वर्षाच्या शिकवणीसाठी हजारो रुपयांच्या कागदावर बापाची सही घेतो. पुष्कळदा ती फी नसते, ते कर्ज असते. शिकवणी आवडली नाही तरी हप्ता चुकत नाही. अशा तक्रारी इतक्या वाढल्या की केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२१ च्या डिसेंबरात पालकांसाठी जाहीर सूचना काढली. "फुकट" म्हणून देऊ केलेल्या सेवेची नीट चौकशी करावी आणि खात्यातून आपोआप पैसे वळते करण्याची परवानगी देऊ नये, असे तीत बजावले होते. कंपनी मोठी आहे म्हणून पैसे सुरक्षित, असेही मानू नये. २०२४ च्या जुलैमध्ये देशातील अशाच एका फार मोठ्या शिकवणी-कंपनीविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेण्यात आला. तेव्हा न वाचता सही करू नये, मोबाइलवर आलेला गुप्त आकडा कोणास सांगू नये, आणि फुकट मिळते ते पुरते वापरून झाल्याशिवाय विकतच्या वाटेस जाऊ नये.

गावाने काय करावे

हे सर्व सांगूनही एक अडचण राहते, ती आम्ही झाकून ठेवीत नाही. वर उल्लेखिलेल्या २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयाची सुमारे चौथा हिस्सा मुले दुसरीच्या पातळीचा मातृभाषेतील उतारा सुरळीत वाचू शकली नाहीत, आणि तीन आकडी संख्येला एका आकड्याने भागण्याचे उदाहरण निम्म्याहून कमी मुलांस जमले. ज्या मुलाचे वाचनच अडखळते, त्याच्यापुढे दहावीचा व्हिडिओ ठेवून काय होणार? त्याला आधी वाचावयास शिकविले पाहिजे, आणि ते काम कोणतेही यंत्र एकटे करीत नाही. त्यासाठी शेजारी बसून चुकलेला शब्द पुन्हा वाचून घेणारे माणूसच लागते.

असे माणूस प्रत्येक घरात नसेल. परंतु प्रत्येक गावात असतेच. बारावी झालेली मुलगी, नोकरीसाठी थांबलेला तरुण, निवृत्त झालेले गुरुजी, शाळेतील एखाद्या सिस्टर. धर्मग्रामाचे सभागृह आठवड्यातील पुष्कळ संध्याकाळी कुलूपबंद असते. तेथे दोन दिवे, एक टीव्ही, चार बाकडी आणि ठरलेला दीड तास एवढे मिळाले, तर ज्या घरात मोबाइल नाही, जागा नाही, अथवा बापाच्या दारूमुळे शांतता नाही, त्या घरातील मूलही दहावीचा अभ्यास करू शकेल. यासाठी देणगी गोळा करण्याची गरज नाही. किल्ली कोणाकडे राहील आणि कोणत्या दिवशी कोण बसेल, एवढेच ठरवावे लागेल. मुले एकत्र बसली की एकाला आलेले उदाहरण तो दुसऱ्यास सांगतो, आणि त्यात दोघांचाही अभ्यास होतो.

राहता राहिली ती खानापूरकडची भगिनी आणि तिचे यजमान. त्यांस आमचे सांगणे एवढेच की मुलीला संशयाचा नव्हे, वेळेचा हिशेब विचारा. येत्या आठवड्यात तिला घेऊन शाळेत जा आणि परीक्षेची तारीख विचारून या. घरचा मोबाइल रोज एक तास तिच्या नावे ठेवा. भांडी घासण्याचे, पाणी भरण्याचे काम त्या तासात तिला सांगू नका. ते तिच्या भावाला सांगा, त्यालाही ते येईल. आणि आपण जवळ बसा. गणित तुम्हांस येत नसेल. परंतु रोज संध्याकाळी वही उघडून तिच्यासमोर आई बसली आहे, हे जिला ठाऊक असते, ती मुलगी सहसा दुसऱ्यांदा शाळा सोडीत नाही.